सर्व्हरची चौकशी

गणपतीपुळ्याला दर्शन झालं की पर्यटक शेजारच्या मालगुंडात येतो. केशवसुतांचं स्मारक पाहतो, गायवाडीच्या पाण्यात पाय भिजवतो आणि भूक लागली की 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' अशी पाटी शोधतो. प्रत्येक पाटीमागे एक तात्या असतो. सध्या हे तात्या वेबसाइट काढतायत.

तात्यांना एखादी वस्तू घ्यायची घाई कधीच नसते. खरेदी हे चौकशीचं निमित्त. पुण्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "तात्या, वेबसाइटला होस्टिंग लागतं. म्हणजे ती ठेवायला सर्व्हरवर जागा घ्यायची." तात्यांनी झोपाळा थांबवला. जागेचा विषय निघाला की कोकणी माणूस सावध होतो.

मग होस्टिंग कंपनीचा मुलगा फोनवर सापडला. "सर, महिना फक्त ९९ रुपये."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

मुलगा गप्प. मग कळलं की तो दर मिळतो तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच, आणि नूतनीकरणाला तिप्पट.

"सर, स्टोरेज अमर्याद आहे."

"अमर्याद म्हणजे किती?"

बारीक अक्षरांतल्या अटी पुतण्याने वाचून दाखवल्या. फायलींच्या संख्येला मर्यादा, वापर 'वाजवी' हवा. "म्हणजे मर्यादा आहे, फक्त सांगायची लाज आहे," तात्या म्हणाले.

"सर, ९९.९ टक्के वेळ साइट चालू राहील."

तात्यांनी पंचांगाच्या पाठीवर गणित मांडलं. वर्षाचे तास ८७६०, त्यातला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास बंद. "एवढी तर पहिल्या पावसात एका रात्रीत आमची वीज जाते. बंद पडायचं तर खुशाल पडू दे मेल्याला, पण आषाढात. मे महिन्यात पडलं तर बघ!" हंगामी धंद्याला यापेक्षा नेमकी अट कुठल्या सल्लागाराने घातली नसती.

सर्व्हर कुठे, सिंगापूर की अमेरिका? तात्यांचं मत मुंबई. पाहुणे मुंबई-पुण्याचे, सर्व्हर जवळ असला की पान लवकर उघडतं, हे पुतण्याचं कारण. तात्यांचं कारण वेगळं: "घरटी एक माणूस मुंबईला असतोच, हाही राहील."

सुरक्षेच्या प्रमाणपत्राचे निराळे पैसे सांगितले, तर तात्यांनी लेट्स एन्क्रिप्टचं नाव घेतलं. ते २०१५ पासून फुकट मिळतं, हे त्यांना शेजारच्या तात्यांनी सांगितलं होतं. २०२१ च्या तौक्ते वादळात आंबा गेला तेव्हापासून आपले तात्या प्रत्येकाला विचारतात, "सगळं गेलं तर पुढे काय?" मुलाने बॅकअप आहे म्हणताच पुढचा प्रश्न आला, "त्याच सर्व्हरवर? मग दोन्ही एकदमच जातील की रे!"

शेवटी साइटच्या नावाचा, म्हणजे डोमेनचा प्रश्न आला. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतं, तात्यांना ते आवडलंही. पण मुंबईच्या पाहुण्याला मराठीत टाइप करता येईल याचा भरवसा वाटेना, म्हणून .इन ठरलं.

"डोमेन कोणाच्या नावावर?"

"माझ्या. सोपं पडतं, तात्या."

"मग सातबाराही तुझ्याच नावावर करतो. सोपं पडेल."

पुतण्याने त्या रात्रीच तात्यांच्या नावे नोंदणी केली, पासवर्ड वहीत उतरवून दिला. साइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिलं आणि पुढे दोघांचं फाटलं, तर धंद्याचा पत्ताच हातून जातो. शहरातल्या शिकलेल्यांना हे उशिरा कळतं. सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे सांगावं लागत नाही. खवचटपणा म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो, ती कोकणी माणसाची करारपत्र वाचायची पद्धत आहे.

साइट आता सुरू आहे. मुंबईच्याच सर्व्हरवर, एकाच वर्षाच्या बोलीवर. पहिल्या पानावर समुद्राच्या फोटोच्या वर, ठळक अक्षरांत तात्यांच्या अटी आहेत: 'मोदक अमर्याद नाहीत. माणशी दोन. तिसऱ्याचे पैसे वेगळे. दर पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी तोच.'