बंद खिडकीतून येणारा वारा : ठेकेदारास खुले पत्र

ठेकेदार भाऊ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे, पण तो मनापासून असावा लागतो. म्हणून तो वगळून थेट मुद्द्यावर येते. खिडक्यांचे पैसे तुम्ही चोख मोजून घेतलेत. माप मात्र चोख घेतलं नाहीत. धुळ्यात आमच्या देवपूरच्या घरात उत्तरेच्या भिंतीला तुमची चार बाय चार फुटांची सरकती खिडकी आहे. ती बंद असते, कडीही लावलेली असते, आणि तरी पहाटे तिच्याखाली झोपलेल्या माणसाच्या कानाला गार वारा झोंबतो. जळगावला पिंप्राळ्यात माझ्या नणंदेच्या घरीही हेच रडगाणं आहे, कारण तिथलं कामही तुमचंच.

तक्रार केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, खिडकी बंद आहे ना? मग वारा कुठून येणार?" कुठून येतो ते मी शोधून काढलं आहे. ऐका.

पंखा बंद केला, दार लावलं आणि उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेनं फिरवली. खालच्या ट्रॅकच्या कोपऱ्याशी नेली तशी धुराची सरळ रेघ आडवी होऊन खोलीत शिरली. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात, त्या मधल्या उभ्या पट्टीपाशी ती मोडून विखुरली. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर तुम्ही व्हाइट सिमेंटचा नुसता हात फिरवून गेला होतात. ते आता तडकून सुटलं आहे आणि तिथूनही धूर आत ढकलला जातो. मग टॉर्च घेऊन बसले. ट्रॅकला लागून पल्ल्यात जी ब्रश पट्टी असते, ती कोपऱ्याच्या बोटभर आधीच संपली आहे. मधल्या पट्टीत ती बसवलेलीच नाही. एका पल्ल्याची चाकं खाली-वर आहेत, त्यामुळे पल्ला तिरका उभा राहतो आणि वरच्या बाजूला जास्त फट पडते. यातलं एकही काम अवघड नव्हतं. कोणी बघणार नाही, या भरवशावर तुम्ही ते सोडून दिलंत.

फट दोन मिलिमीटरची, तिचं काय एवढं, असं तुम्हाला वाटत असेल. हिशेब करू. चार बाय चारच्या खिडकीचा घेर सोळा फूट आणि मधली पट्टी चार फूट, म्हणजे वीस फूट, साधारण सहा मीटर. सहा मीटर लांबीला दोन मिलिमीटरची फट म्हणजे एकशे वीस चौरस सेंटिमीटर. भिंतीला सव्वाचार इंच लांब आणि तितकंच रुंद भोक पाडून ते रात्रंदिवस उघडं ठेवलं, तर जेवढी जागा उघडी राहील तेवढी ही आहे. भिंतीला असं भोक पाडून गेला असतात, तर त्याच संध्याकाळी तुम्हाला परत बोलावलं असतं. तुम्ही ते खिडकीच्या चारी बाजूंना पसरून ठेवलंत, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. अंगाला मात्र कळतं.

खानदेशात कसली आली थंडी, हे तुमचं दुसरं उत्तर. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली किमान तापमानाची नोंद वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिथे पाच-सहा अंशांचे आकडे असतात आणि ते राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत असतात. मैदानी भागात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरला, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. उत्तरेकडून कोरडे गार वारे येतात, आभाळ निरभ्र असतं, आणि दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्यानं निवते. दुपारी अंगावर घाम आणि पहाटे हुडहुडी, ही आमची हिवाळ्याची तऱ्हा. भरिताच्या वांग्यांना आणि शेतातल्या रात्रीच्या जेवणांना हीच थंडी लागते, तेव्हा थंडीशी आमचं वैर नाही. ती आमच्या पांघरुणात शिरते, त्याला हरकत आहे.

आणि आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण तुमच्या कामानं केलेली खरी नासधूस इथे आहे. आमच्या घरांत हीटर नसतात. युरोपातल्या घराला फट असेल तर हीटर जास्त चालतो आणि बिल वाढतं. आमची ऊब म्हणजे दिवसभर भिंतींनी आणि स्लॅबनं पिऊन ठेवलेलं ऊन, स्वयंपाकघरातली धग आणि घरातल्या माणसांच्या अंगाची उष्णता. याच पुंजीवर रात्र काढायची असते. आतली उबदार हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटींतून, झरोक्यांतून निसटते. तिची जागा भरायला खालच्या ट्रॅकमधून बाहेरची गार हवा आत येते. यासाठी बाहेर वारा सुटलेलाही लागत नाही. आत-बाहेरच्या तापमानातला फरक वाढला की ओढ वाढते, आणि हा फरक पहाटे खूप मोठा असतो. म्हणून झाडाचं पानही हलत नसताना आमच्या खोलीतला पडदा हलतो. विकत आणता येत नाही अशी ऊब तुम्ही रोज रात्री बाहेर सोडता.

आमच्या आजोबांच्या पिढीनं याच भागात धाब्याची घरं बांधली. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, खिडक्या लहान आणि त्यांना आतून लाकडी झडपा. अंधार असायचा, खरं आहे. पण झडप लावली की ती लागायची, कारण सुतार ती चौकटीत बसवून, रंधा मारून, पुन्हा बसवून बघायचा. तुमचं अॅल्युमिनियम तर लाकडाच्या हजारपटीनं उष्णता वाहून नेतं. अशा धातूची चौकट लावणाऱ्यानं फटींकडे सुताराहून जास्त लक्ष द्यायला हवं होतं.

रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथले शेतकरी झाडाला तळहाताच्या फोडासारखं जपतात. पारा बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ मंदावते, फळाची साल काळवंडते. म्हणून बागेच्या कडेनं शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात, घडांना पिशव्या घालतात, थंडीच्या रात्री पाणी देतात, बांधावर काडीकचरा धुमसत ठेवतात. पहिली लढाई वाऱ्याशी, हे तिथल्या सालदारालाही ठाऊक असतं. झाडासाठी एवढं होतं, आणि सत्तरी उलटलेल्या दमेकरी माणसाच्या उशाशी लावायची ब्रश पट्टी तुम्ही बोटभर कमी कापता.

या कमी कापण्याची किंमत कोण भरतं, तेही सांगते. सासूबाई रोज रात्री जुन्या लुगड्याच्या चिंध्या ट्रॅकमध्ये कोंबतात आणि सकाळी उपसतात. नणंदेकडे बाळंतिणीच्या खोलीतल्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली आणि खोलीतला उजेड गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली थंड हंगामात घरात किमान १८ अंश असावेत असं सुचवलं. आमच्या देवपूरच्या खोलीत पहाटे तेवढे राहत नाहीत.

सर्वांत भयंकर म्हणजे, गारठ्यानं कावलेली माणसं दार-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते : बंद खोलीत शेगडी नको, आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका कितीही थंडी असली तरी बुजवू नका. घराला हवा लागतेच. ती आम्ही उघडू तेव्हा आणि उघडू तेवढी यावी, एवढंच आमचं मागणं आहे, आणि खिडकी बसवतात ती त्यासाठीच.

बिल्डर म्हणतो खिडक्या ठेकेदाराच्या, तुम्ही म्हणता बिल्डरनं हलका सेक्शन दिला. या टोलवाटोलवीला कायद्यात उत्तर आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. नोंदणीकृत प्रकल्पात घर घेतलेल्या माझ्या धुळे-जळगावकर शेजाऱ्यांनो, ताब्याची तारीख काढून बघा, उदबत्ती लावा, फटींचे फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

ठेकेदार भाऊ, तुमच्याकडून हवं आहे ते असं. प्रत्येक पल्ल्याच्या चारी कडांना आणि मधल्या पट्टीत अखंड ब्रश पट्टी, कोपऱ्यापर्यंत. चाकं समपातळीत. काचेभोवतीचं सैल झालेलं रबर नवं. चौकटीभोवतीचं तडकलेलं व्हाइट सिमेंट खरवडून तिथे बाहेरून आणि आतून सिलिकॉन. पावसाचं पाणी जायला ट्रॅकला ठेवलेली भोकं मात्र बुजवू नका. एका खिडकीला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागणार नाही. संक्रांतीच्या आत माणूस पाठवा. आला नाही, तर हेच पत्र फोटोंसह बिल्डरला स्पीड पोस्टानं जाईल.

देवपूर, धुळे येथील एक घरमालकीण