हात मागे!

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत रोबोकाकांच्या हॉलमध्ये पाहुण्याला बसायला जागा नाही. पूर्वी होती. आता तिथे आठ बाय चारचं टेबल आहे. "अख्खा प्लाय घे, कापू नकोस, कडेने पट्टी मार," असं काकांनी सांगितल्यावर सुताराने विचारलं, "एवढा मोठा कॅरम?" काका म्हणाले, "तसंच समज." प्लाय लिफ्टमध्ये जाईना म्हणून चार मजले जिन्याने चढवला. त्यात दुसऱ्या मजल्यावरचं तोरण आणि तिसऱ्या मजल्यावरची तुळस गेली. तुळशीचा विषय वार्षिक सभेत निघाला होता.

रोबोकाका म्हणतात ती सोसायटीतली मुलं. घाटकोपर-ठाण्याहून येणारी 'सर' म्हणतात, पालक 'कोच' म्हणतात आणि काकू 'अहो' म्हणतात. यातल्या शेवटच्या हाकेलाच ते पहिल्या फटक्यात ओ देतात. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, आणि काकांकडे व्हीआरएसचे पैसे उरले अन् दोन रिकामे हात.

अडचण आहे ती या हातांची. तीस वर्षं त्यांना एकच सवय: मशीन कुरकुरलं की लोक बाजूला सारायचे आणि हात घालायचा. आणि काकांनी म्हातारपणी निवडली ती मुलांची रोबोट-स्पर्धा, फर्स्ट लेगो लीग! या स्पर्धेत सगळं काम मुलांनी करायचं, मोठ्यांनी फार तर प्रश्न विचारायचे. मॅचच्या वेळी टेबलाशी एका वेळी जास्तीत जास्त चार मुलं, कोच लांब. परीक्षक आतल्या खोलीत मुलांनाच विचारतात, "हा गिअर इथे का लावला?" तेव्हा "सरांनी लावला" असं म्हणून चालत नाही. एका वर्षी एका पोराने तसं म्हटलं होतं. काका तो प्रसंग सांगत नाहीत, काकू सांगतात.

तेव्हापासून सरावाला काका दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून उभे असतात. खिशात लेगोच्या काळ्या पिना खुळखुळतात. रोबोट भरकटला की खुळखुळ वाढते, फारच भरकटला की पँट हलते. स्पाइक प्राइम या लेगोच्या रोबोट-संचाच्या डब्यात ५२८ तुकडे असतात. त्यातले पाचशे डब्यात, बाकीचे काकूंच्या वॉशिंग मशीनमध्ये.

खेळात एक बारीक नियम आहे. सुरुवातीला सहा लाल चकत्या मिळतात. रोबोट होमच्या, म्हणजे सुटायच्या जागेच्या, बाहेर असताना त्याला हात लावलात की पंच एक चकती काढून घेतो. शेवटी उरलेल्या चकत्यांचे गुण. सहावीतल्या एका चष्मेवालीने हा नियम काकांनाच लावला. भिंतीवर त्यांच्या नावाच्या सहा चकत्या डकवल्या. त्यांनी रोबोटला हात लावला, की एक खाली. सहाही गेल्या की सगळ्या टीमला वडापाव. पहिल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वडेवाल्याने काकांना उधारीची वही उघडून दिली.

शिकवतात मात्र झकास. कोडिंग म्हणजे लॅपटॉप, अशा समजुतीने आलेल्या मुलांच्या हातात ते पहिल्या दिवशी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा देतात. रोबोटच्या चाकाभोवती एक फेरा गुंडाळायचा, जिथे टोक भिडेल तिथे पेनाने खूण, मग दोरा सरळ करून पट्टीवर धरायचा. कुणाचा साडेसतरा सेंटिमीटर येतो, कुणाचा अठरा. अठरावाल्याने दोरा सैल धरलेला असतो. मग काका विचारतात, "समोरचा लेगोचा व्हेल सत्तर सेंटिमीटरवर आहे, चाक किती वेळा फिरेल?" कागदावर चार येतं. मुलं ब्लॉकमध्ये चार टाकतात, रोबोट निघतो आणि व्हेलच्या शेपटीशी जाऊन थांबतो. "का?" काका विचारतात आणि खिसा खुळखुळतो. चाक घसरलं, सुरुवातीला तिरका ठेवला, बॅटरी उतरली. अंदाज निघत राहतात. कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं, की चालू करताना रोबोट हातात हलत होता, म्हणून वळण मोजणाऱ्या जायरोची दिशाच चुकली. हे लक्षात येईपर्यंत पाऊण तास जातो. काकांना ते पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं. तो पाऊण तास त्यांचं तोंड कसं होतं, ते पाहायला मी मुद्दाम रविवारी चहाला जातो.

व्हेल २०२४च्या हंगामातला. विषय समुद्राचा होता आणि व्हेलच्या तोंडात क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव टाकले की गुण. दोन महिने त्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. रात्री साडेनऊला काकू आतून विचारायच्या, "व्हेलला भरवून झालं असेल तर माणसांची पानं घेऊ का?"

पालक हा वेगळाच प्राणी. "सर, हे रंगीत ठोकळेच जोडणार का? पायथन कधी?" काका सांगतात, की ही ठोकळ्यांची पद्धत स्क्रॅचवरून आली आणि स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली काढलं. एमआयटी ऐकल्यावर पालक शांत होतात. पण "आयआयटीला उपयोग होईल ना?" हा प्रश्न राहतोच. एका बाबांनी तर मुलांच्या स्पर्धेतल्या प्रकल्पाचं प्रेझेंटेशन स्वतः रात्र जागून करून आणलं. मुलांनी ऐरोलीच्या खाडीपाशी जाऊन कोळ्यांना विचारलं होतं, जाळ्यात मासळी किती आणि प्लास्टिक किती. बाबांच्या प्रेझेंटेशनमध्ये कोळी गायब, आलेख सतरा. काकांनी ते गोड बोलून परत केलं. रोबोटच्या खेळाला स्पर्धेत जेमतेम पाव वजन असतं. बाकी प्रकल्प, रोबोटची रचना आणि मुलं एकमेकांशी कशी वागतात, यांचं. हे शेवटचं पालकांना कधीच पटत नाही. त्यासाठी स्पर्धेत एक भारदस्त शब्द आहे, 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम'. काकांचं मराठी असं: "हरलात तर रडू नका, जिंकलात तर रडवू नका."

२०१७ साली मुंबईच्या मुलांनी भारताच्या नावाने वॉशिंग्टनला जाऊन फर्स्ट ग्लोबल या रोबोट-स्पर्धेत पदकं आणली, त्या बातमीचं कात्रण काकांच्या फ्रिजवर आहे. त्यात त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी नव्या पालकाला ते पाणी द्यायच्या निमित्ताने फ्रिजपाशी नेतात.

व्हेलच्या त्या हंगामात स्पर्धेला मीही गेलो होतो. एका टीमच्या तीन मॅच, प्रत्येक अडीच मिनिटांची, तिन्हींतला सर्वांत चांगला स्कोअर धरायचा. पहिलीत रोबोट आडवा गेला. दुसरीत घाईत भलतीच अटॅचमेंट लागली. तिसरीत सगळं सुरळीत चाललेलं असताना पुढचा दांडा एका मॉडेलमध्ये अडकला आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. काका माझ्या शेजारी उभे. खुळखुळ थांबली होती. खिशातल्या मुठी आवळल्या होत्या. ओठ 'उचल, उचल' म्हणत होते, आवाज नव्हता. चष्मेवालीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, शांतपणे रोबोट उचलला, पंचांनी चकती काढली तिकडे लक्षही दिलं नाही, आणि होममधून पुढचा रन सोडला. व्हेल जेवला.

नंबर आला नाही. येताना मुलं बसमध्ये अंताक्षरी खेळत होती आणि 'ण' कुणाला आला यावर भांडत होती. काका खिडकीशी बसून बोटांनी हवेत तो दांडा वळवून बघत होते.

त्या रात्री अकराला मी पार्किंगच्या हिशेबाची वही द्यायला वर गेलो. दार उघडंच. हॉलमध्ये दिवा, टेबलावर रोबोट, आणि काका पालथे होऊन, जीभ दातांत धरून, तो दांडा काढून दुसरा बसवत होते. मी खाकरलो. त्यांना ऐकू गेलं नाही. काकू आतून पदराला हात पुसत आल्या, भिंतीपाशी गेल्या आणि एक चकती काढून कनवटीला लावली.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाच राहिल्या."