मानवी हक्कांचा अभ्यास आणि कपडे धुण्याची पाळी

मानवी हक्क शिकायला परदेशी जाणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींची पंढरी म्हणजे स्वित्झर्लंडमधले जिनिव्हा. संयुक्त राष्ट्रांचे युरोपातले मुख्य कार्यालय, 47 सदस्यदेशांची मानवी हक्क परिषद, रेड क्रॉस आणि हे सगळे पाहून पाय दुखल्यावर बसायला सरोवराचा काठ, अशी सोय दुसऱ्या गावात नाही. कार्यालयाभोवतीची आरियाना बाग ग्युस्ताव रेव्हिलिओ यांनी शहराला दिली, ती तिथे मोर मोकळे फिरले पाहिजेत या अटीवर. त्यामुळे या आवारात ओळखपत्राशिवाय हिंडण्याचा हक्क मोरांना आहे. विद्यार्थ्याने पासपोर्ट काढून रांगेत उभे राहायचे.

परिषद भरते त्या सभागृहाच्या छतावर मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने 2008 मध्ये रंगांचे हजारो सुळके लोंबते ठेवले आहेत. त्यासाठीचा काही पैसा स्पेनने गरीब देशांच्या मदतीसाठीच्या निधीतून काढला, म्हणून बराच गदारोळ झाला होता. विद्यार्थ्यांना या सभागृहातले सर्वांत चांगले आठवते ते छतच, कारण भाषणे चालू असताना त्यांची नजर तिकडेच असते. भाषणाला मोजून वेळ मिळतो आणि तो संपला की माईक बंद होतो. परिषद देशांच्या मानवी हक्कांची जी फेरतपासणी करते, तिच्यात कोणतीही सूचना सहसा कोणी सरळ नाकारत नाही; न पटलेल्या सूचनेची फक्त ‘नोंद घेतली’ जाते. स्थळ बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणणारी माणसे ज्याने घरी पाहिली आहेत, त्या मराठी विद्यार्थ्याला हा भाग वेगळा शिकवावा लागत नाही.

यापुढचा विषय पैसा. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे 23 वे कलम प्रत्येकाला कामाचा न्याय्य मोबदला देते. तो जाहीरनामा करणाऱ्या संस्थेत प्रशिक्षणार्थींना मात्र वेतन नसते. 2015 मध्ये न्यूझीलंडचा एक 22 वर्षांचा प्रशिक्षणार्थी याच शहरात तंबू ठोकून राहत असल्याचे उघड झाले, तेव्हा बातमी जगभर झाली आणि त्याने काम सोडले. पुढे 2020 मध्ये जिनिव्हाच्या मतदारांनी तासाला 23 फ्रँक किमान वेतन मंजूर केले. म्हणजे कॅफेत कप विसळणाऱ्याची सोय झाली; हक्कांवर टिपण लिहिणाऱ्याने आई-वडिलांना फोन करावा.

संस्कृतीचा अभ्यास राहत्या इमारतीच्या तळघरात होतो. तिथे सगळ्यांत मिळून एक वॉशिंग मशीन, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता आणि शेजारी नियमांचा कागद असतो. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी कपडे धुणे नको. विश्रांतीचा हक्क 24 व्या कलमात आहे, पण त्याची अंमलबजावणी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी करतात. ड्रायरच्या जाळीत अडकलेला तंतूंचा गोळा काढायचा राहिला, तर दारावर चिठ्ठी लागते. सुरुवातीला ‘नमस्कार’, शेवटी ‘आपली नम्र’, आणि मध्ये तो गोळा सेलोटेपने चिकटवलेला. इतका चोख पुरावा परिषदेपुढेही क्वचितच येत असेल.

एवढ्या शिस्तीच्या देशात हक्क सगळ्यांना केव्हाच मिळाले असतील, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात स्विस स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला 1971 मध्ये. आपेन्झेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर 1990 मध्येही पुरुषांनी हात वर करून नकार दिला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. भारतातल्या स्त्रियांनी 1951-52 च्या निवडणुकीतच मते दिली होती. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात फक्त ‘पुरुष’ न राहता ‘सर्व मानव’ आले, तेही भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. ही माहिती भारतीय विद्यार्थी वर्गात जरा जास्तच वेळा सांगतो.

सत्राच्या शेवटी देशोदेशीच्या पदार्थांची खाद्यसंध्या असते. त्यासाठी कढीपत्ता आणि पोहे मिळतात श्रीलंकन तमिळांच्या दुकानात. या समाजातले पुष्कळजण 1980 च्या दशकात यादवीतून जीव वाचवून इथे आश्रयाला आले. आश्रयाच्या हक्काचे 14 वे कलम त्यांना क्रमांकानिशी पाठ नसेल, पण अर्जाला उत्तर यायला किती काळ लागतो, मधल्या काळात काम करता येते का, हे ते मिरच्या तोलता तोलता प्राध्यापकांपेक्षा नीट सांगतात. पोह्यांत मिरची घालावी की वेगळ्या वाटीत द्यावी, यावर आदल्या रात्री दहापर्यंत वाद चालतो. वाटी वेगळी ठेवली तर पोहे संपतात. बटर चिकन कुठे आहे, असे मात्र पाहुणे शेवटपर्यंत विचारत राहतात.