न बांधलेला मजला

ताप्ती रेल्वे लाइनने येऊन सुरतेजवळच्या चलथाणला स्थिरावलेला खानदेशी माणूस घर घेतो ते नव्या स्लॅबचं. घराला इतिहास असावा, ही हौस त्याच्या कर्जाच्या हप्त्यात बसत नाही.

ती हौस बसते अहमदाबादच्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्लीबंद वस्त्यांत. 2017मध्ये युनेस्कोने तटबंदीतल्या त्या शहराला जागतिक वारसा ठरवलं आणि वाळवी लागलेल्या हवेल्यांचा एकदम ‘ठेवा’ झाला. मालकी तुमची, कोरीव खांबही तुमचे. हात लावायचा तर आधी महापालिकेला विचारा. बदल्यात वरचा न बांधलेला मजला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून विका! मुंबईलाही 1995च्या वारसा नियमावलीपासून ही युक्ती ठाऊक आहे.

शिवाजी महाराजांनी 1664मध्ये सुरतेहून नेलं ते निदान डोळ्यांना दिसत तरी होतं.