रिव्हर्सचे पाठांतर

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी मागे घ्यायला शिकवत नाहीत, पाठ करून घेतात. ‘मागच्या काचेत दुसरा खांब दिसला की स्टेअरिंग फुल राइट, आरशात रेघ आली की सरळ.’ का, असे विचारायचे नसते. भूमितीची प्रमेये घोकून दहावी पार केलेल्यांना हे जडही जात नाही. फक्त हे सूत्र त्याच गाडीचे, त्याच मैदानातले, त्याच खांबांचे असते. शिवाय शेजारच्या सरांच्या पायाशी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी असते. त्यामुळे गाडी अलगद थांबल्याचे श्रेय नेमके कुणाचे, हा प्रश्न दोन्ही पक्ष सौजन्याने टाळतात.

पूर्वी लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा थोडा नऊसारखा आला तरी ‘आपलाच माणूस आहे’ एवढ्यावर निभावे. भोसरीच्या संगणकीकृत ट्रॅकवर सेन्सर आले आणि पंचाईत झाली. सेन्सरला ओळख सांगता येत नाही.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५वा नियम तर फारच भाबडा. उलटे जात अरुंद जागेत गाडी घालता यावी, एवढीच त्याची रिव्हर्सपुरती माफक अपेक्षा. सदाशिव पेठेत अशा जागेला अरुंद नव्हे, प्रशस्त म्हणतात. तिथे एका बाजूला बुलेट, दुसऱ्या बाजूला भाजीची हातगाडी, मागे हॉर्नचा गजर. आणि खांबांऐवजी वॉचमनकाका. ‘येऊ द्या, येऊ द्या, भरपूर जागा आहे’ म्हणतात आणि बंपर भिंतीला टेकला की शांतपणे सांगतात, ‘बास!’