आणखी एक गाठ मारा!

सुटणाऱ्या गाठीवर आपल्याकडे एकच रामबाण उपाय आहे: आणखी एक गाठ. तीही सुटली तर तिच्यावर तिसरी. कुठल्याही गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीचं टोक बघा, घरातल्या कर्त्या पुरुषाचा सारा पराक्रम तिथे लिंबाएवढा गोळा होऊन बसलेला असतो. एवढं करूनही ओली चादर पडली की दोरीला झोळ येतो, आतून "अहो, सुटली बघा परत!" अशी हाक येते आणि कर्ता पुरुष स्टुलावर चढून लिंबाचा पेरू करतो.

यात दोष गाठींच्या संख्येचा नसतो. मनगटातल्या जोराचाही नसतो. बहुतेक वेळा दोष असतो दुसऱ्या वेढ्याच्या दिशेचा.

दोरीचं टोक खांबाभोवतून फिरवून आणायचं आणि ताणलेल्या दोरीवरच एकामागोमाग दोन अर्धगाठी मारायच्या, ही बांधण्याची सगळ्यांत साधी रीत. इंग्रज दर्यावर्दी तिला 'टू हाफ हिचेस' म्हणतात. पहिली अर्धगाठ ज्या बाजूने फिरली त्याच बाजूने दुसरी फिरवली, तर ताणलेल्या दोरीवर 'क्लोव्ह हिच' तयार होते. ती ओळखायची खूण सोपी आहे: वर एक तिरका पट्टा, त्याखाली चेपलेले दोन पदर, एक या अंगाला निघालेला आणि दुसरा त्या अंगाला. दुसरी अर्धगाठ उलट फिरवली, तर होते 'काऊ हिच'. तिचे दोन्ही पदर एकाच आडव्या पट्ट्याखालून, एकाच बाजूला शेजारी शेजारी बाहेर येतात. दोरी तितकीच लागते, मेहनत तितकीच पडते. पण पहिली पकडून बसते आणि दुसरी मुकाट्याने सरकत राहते. घाईघाईत मारलेल्या गाठींत हात एकदा इकडून जातो, एकदा तिकडून. अशा सहा गाठी म्हणजे एकमेकींचं ऐकून न घेणाऱ्या सहा जणींची बैठक.

पकड येते ती घर्षणातून, आणि या घर्षणाचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चढतो. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात घर्षणांक ०.३ घातला, तर खांबाभोवतीच्या एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेसहा पटींनी उतरतो. दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट, तीन वेढ्यांनी २८५ पट. म्हणजे बंदरावरचा खलाशी तीन वेढ्यांच्या जिवावर एका हाताने बोट धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने खुशाल डोकं खाजवतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोरीला हा आकडा बराच उतरतो, काथ्याच्या दोराला चढतो. तेव्हा जास्तीचा उत्साह खर्च करायचाच असेल तर तो गाठीवर करू नये, खांबावर करावा: आधी एक वेढा जादा, मग एकाच दिशेने दोन अर्धगाठी.

१९७७ साली बेंजामिन बेमन या भौतिकशास्त्रज्ञाने अशा गाठींचं गणितच मांडलं. त्याचा एक निष्कर्ष स्टुलावरच्या वीरांना पटायला जरा जड जाईल. गाठीची घडण आणि दोरीचं घर्षण जमलेलं असेल, तर कितीही ओढा, ती सरकत नाही. कारण ओढ वाढते तशी पकडही वाढते. आणि जमलेलं नसेल, तर थोड्या ओढीलाही ती सरकते. गाठीला तुमच्या दंडाशी काही देणंघेणं नाही.

इथवर वाचून कुणी 'एकच दिशा' हे ब्रीद घेऊन बुटाच्या नाड्या बांधायला बसेल, तर त्याला वेळीच थांबवलेलं बरं. तिथे नियम नेमका उलटा. नाडीच्या दोन्ही पायऱ्या एकाच अंगाने घातल्या तर 'ग्रॅनी नॉट' होते आणि तिचं फुलपाखरू बुटावर उभं, चवड्याकडून घोट्याकडे बसतं. दुसरी पायरी उलट घातली की 'रीफ नॉट' होते, आणि फुलपाखरू शहाण्यासारखं आडवं बसतं. २०१७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पळणाऱ्या बुटाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. पाय आपटण्याचा धक्का गाठ सैल करतो, हिंदकळणारी टोकं तिला ओढतात आणि मग क्षणार्धात नाडी मोकळी होते, असं त्यात दिसलं. ग्रॅनी त्यात लवकर हरली. पण याच गुणी रीफ नॉटचं एक टोक जोरात हिसकलं, की ती उलटून चक्क काऊ हिच होते आणि सुळकन निघून येते. क्लिफर्ड ॲश्ली यांनी १९४४ साली ३,८००हून अधिक नोंदींचा गाठींचा महाग्रंथ काढला. दोन दोर जोडायला रीफ नॉट वापरण्याने बाकी सगळ्या गाठींनी मिळून घेतले नसतील इतके बळी घेतले असावेत, असं त्यात त्यांनी लिहून ठेवलं आहे. मलमपट्टीला उत्तम, जीव टांगायला नालायक.

गुरांच्या बाबतीत आणखी निराळं. खुंट्याभोवती गोल गोल फिरणारं जनावर क्लोव्ह हिच हळूहळू उलगडून टाकतं. तिथे बदनाम काऊ हिचच जास्त टिकते. मात्र तिचं मोकळं टोक तिच्याच पोटात खोचून द्यावं लागतं.

दिशेइतकंच महत्त्व आहे क्रमाला. दुसरी अर्धगाठ पहिलीच्या बाहेर न घेता आत, खांबाच्या बाजूला घेतली, तर टोक गाठ आणि खांब यांच्यामध्ये चेंगरतं आणि सुटायचं नाव घेत नाही. फडफडणाऱ्या शिडाने साधी गाठ सैल व्हायची, म्हणून शिडाच्या खालच्या काठाचे दोर असे बांधत. हिला म्हणतात 'बंटलाइन हिच'. हीच गाठ आपले नवरदेव रिसेप्शनला गळ्यात घालून उभे असतात, कारण टायची नेहमीची 'फोर-इन-हँड' गाठ म्हणजे हुबेहूब तीच. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी १९९९ साली गणिताने टाय बांधण्याचे ८५ प्रकार काढले. नवरदेवाला त्यातला एकही येत नसतो, तो भाग वेगळा. गाठ मेहुण्याने मारलेली असते.

गाठ कशी असावी हे बघायचं असेल तर सामान हलवणाऱ्या टेम्पोपाशी उभं राहावं. प्रस्तुत लेखकाने हा कार्यक्रम आवडीने पाहिला आहे. क्लीनर दोर हुकातून घेतो, दोरातच एक वळसा पाडून टोक त्यातून ओवतो, अंगाचा भार टाकून खाली खेचतो आणि टोक दुमडून खोचतो. तो वळसा कप्पीचं काम करतो. कागदावर ताण तिप्पट मिळतो. दोरावर दोर घासल्याने त्यातला बराचसा वाया जातो, पण तेच घासणं टोक खोचेपर्यंत ताण धरून ठेवतं. "नीट बांधलंय ना रे?" असं विचारत घरमालक वरून आपल्या चार गाठी मारतात. "काका, तुम्ही पुढं बसा," क्लीनर म्हणतो. मुक्कामी पोचल्यावर त्याची गाठ एका हिसक्यात सुटते. काकांच्या गाठींना ब्लेड मागवावं लागतं. धरून ठेवणं आणि हवं तेव्हा सोडणं, दोन्ही जमलं तरच ती गाठ.

तेव्हा येत्या रविवारी पोतं, सायकल, गादी, जे काही बांधायचं असेल, त्यावर हे करून बघा. खांबाला एक वेढा जास्त द्या, दोन्ही अर्धगाठी एकाच बाजूने घ्या, टोक चार बोटं मोकळं ठेवा आणि भार टाकायच्या आधी गाठ हाताने आवळा. मात्र त्या दोरीवर माणूस बसणार किंवा लोंबकळणार असेल, मग तो झोपाळा असो की सह्याद्रीतला कडा, तर मासिकातला लेख वाचून गाठ मारू नका. जाणकार माणसासमोर दोर हातात घेऊन ती शिका.