रंगराव

गाडीचा बाहेरचा रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी काढावी लागते. आतला रंग बदलायला मात्र कोणाला काही विचारावं लागत नाही. कायद्यातल्या या फटीत जो गृहस्थ सुखाने नांदतो, त्याला आपण सोयीसाठी रंगराव म्हणू.

रंगराव ओळखायला सोपे. रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी मारुती ८०० चारही दारं पसरून उभी असेल आणि तिच्यातून फक्त दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर ते पाय रंगरावांचे. ही गाडी कारखान्यातून निघायची २०१४ सालीच थांबली, पण रंगरावांच्या मते ती अजून 'रनिंग-इन'मध्येच आहे. फक्त आतून जरा कळकट झालीय, इतकंच.

त्यांच्या रंगकामाचं मूळ कुशनवाल्याच्या दुकानात आहे. सीटा, दारांचे पॅड आणि छत मिळून त्याने अठरा हजार सांगितले. "अठरा हजार? अहो, गाडी विकली तर चाळीस येतील!" असं म्हणून रंगराव बाहेर पडले, आणि त्या क्षणी ते अठरा हजार त्यांचे झाले. ते खिशात नव्हते, बँकेतही नव्हते. पण ते 'वाचलेले' होते. मिळवलेल्या पैशावर टॅक्स बसतो, वाचवलेल्या पैशावर गप्पा मारता येतात.

मग स्वारी बोहरी आळीत. दुकानदार बिचारा सांगून पाहतो, "काका, प्लास्टिकवर हा रंग धरणार नाही. आधी त्याचा वेगळा प्रायमर मारा." पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकला मुळात कोणी चिकटलेलं खपत नाही, त्यावर रंग टिकवायचा तर मध्ये प्रायमरची मध्यस्थी लागतेच. पण प्रायमर म्हणजे दुकानदाराने पोट भरण्यासाठी काढलेली युक्ती, असं रंगरावांचं मत आहे. ते एक ऑइल पेंटचा डबा, दोन स्प्रे कॅन आणि कापड रंगवायच्या पुड्या घेऊन येतात. बाकी सगळं 'घरात होतंच'.

'घरात होतंच' हे त्यांच्या हिशेबातलं सर्वांत मोठं खातं. त्यात मुलीचा हेअर ड्रायर जमा होतो, दिवाळीत आणलेला ब्रश जमा होतो आणि पुसायला म्हणून घेतलेली एक साडीही जमा होते. ती जुनी आहे की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत. या खात्यातल्या वस्तूंना किंमत नसते. पॉलिश पेपरच्या घासणीने सोललेल्या बोटांनाही नसते.

पहिली खडाजंगी सीटशी. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि ऑइल पेंटमध्ये शिरतं. मग रंग वाळतच नाही. आठवड्यानेही बोटाला चिकटतो. त्यासाठी लवचिक असा विनाइलचा रंग निराळा मिळतो. हे ज्ञान रंगरावांना मेहुण्याच्या पांढऱ्या पँटवर उमटलेलं वाचायला मिळालं. "दमट हवा आहे," एवढंच ते म्हणाले.

कापडी भागाची गत याहून न्यारी. पुड्यांतला रंग सुताला धरतो. गाडीचं कापड पॉलिएस्टरचं, ते ढिम्म. पॉलिएस्टर पक्कं रंगवायला कारखान्यात दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापवतात, असं कोणीतरी सांगितल्यावर रंगरावांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. वहिनींनी त्याच रात्री कुकर कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

डॅशबोर्डचा किस्सा तर पाठ करण्यासारखा. गेली कित्येक वर्षं त्यावर चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश चोपडलेलं. ते पुसून न काढता स्प्रे मारला की रंग जागोजागी फाटतो आणि बारीक गोल डोळे पडतात. रंगरावांनी त्याला 'टेक्श्चर' म्हटलं. उन्हात तापू नये म्हणून त्यांनी फिकट क्रीम रंग निवडला होता, तोही झगझगीत. दुपारी गाडी काढली तर समोरच्या काचेत रस्त्याऐवजी अख्खा डॅशबोर्ड दिसायला लागला. मळक्या करड्या रंगाचा, बिनचकाकीचा डॅशबोर्ड कंपनीने का दिला होता, हे त्यांना सिग्नल ओलांडल्यावर हवालदाराने सांगितलं. त्याची पावती त्यांनी हिशेबात धरली नाही, कारण "तो ट्रॅफिकचा खर्च, रंगाचा नव्हे."

शेवटी एका जाणत्या पोराने साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने सगळं पुसायला लावलं, प्रायमर मारवला आणि काळ्या मॅट रंगाचे पातळ हात दिले. डॅशबोर्ड खरोखर बरा दिसायला लागला. रंगराव येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून दाखवतात. "किती गेले असतील? अंदाज करा!" तुम्ही कितीही सांगा, उत्तर ठरलेलं : "त्याच्या निम्मे! आणि अठरा हजार वाचले ते वेगळे." गाडी हे निमित्त; हा प्रश्न विचारता यावा म्हणूनच सगळा खटाटोप. तो आनंद कुशनवाला कितीही पैसे घेऊन बसवून देऊ शकत नाही.

धोका खरा यापुढेच आहे, कारण कॅनमध्ये थोडा रंग उरतो. उरलेला रंग फेकणं म्हणजे वाचलेल्या पैशाला भोक पाडणं. म्हणून आधी टीव्हीचा रिमोट काळा होतो, मग चपलांचा स्टँड, मग तुळशीची कुंडी. तिथे वहिनी आडव्या पडतात. तेव्हा रंगराव कॅन हलवत खाली येतात आणि तुमच्या गाडीत डोकावून म्हणतात, "तुमचे डोअर पॅड फारच फिकटलेत हो. माझ्याकडे रंग पडूनच आहे, वाया जाण्यापेक्षा मारून टाकू." तुम्ही भिडेखातर हो म्हणता. एका दारातच रंग संपतो आणि उरलेल्या तीन दारांसाठी ते तुमच्याच पैशाने दोन नवे कॅन आणतात. त्यातला एक उरतो.